झिजेशी वैर

“डोक्याले तेल लावतेस का?”

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी आंबागडहून एसटीनं भंडाऱ्याला आले होते. पॉलिटेक्निकच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेल्या, आणि चांगल्या कामाला जातेय म्हणून आईनं सकाळी चापूनचोपून घातलेली वेणी. प्रश्न ऐकून वाटलं, माणूस धड दिसत नाही. पण टेबलामागचा माणूस माझ्याकडे बघतही नव्हता. खिडकीकडे तोंड करून नुसती नाकानं हवा ओढत होता.

“खोबरेल,” तो म्हणाला. “अन् त्यात मेंदी उकळली आहे. बरोबर?”

बरोबर होतं. आई दर पावसाळ्याच्या आधी तसं तेल करून बरणीत भरून ठेवायची.

“उद्यापासून नाई लावाचं. कबूल असंल तं नोकरी तुही.”

गुणपत्रिका शेवटपर्यंत फोल्डरमध्येच राहिल्या. संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं तेव्हा आईला नोकरीचा आनंद मानावा की केसांचं सुतक पाळावं, ते कळेना.

तेच आमचे सर. भंडाऱ्याच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत त्यांची एक शेड होती. काम असं, की यंत्राचे जे भाग एकमेकांवर घासतात त्यांच्यावर पॉलिमरचा पातळ थर चढवायचा. लोकांना समजावताना सर सांगत, नॉनस्टिक तव्यावर असतो ना, त्याचा दणकट मोठा भाऊ. थर कागदापेक्षाही पातळ, रंगानं काळा किंवा करडा. तो बसला की लोखंडावर लोखंड अलगद सरकतं, घासत नाही, तापत नाही, झिजत नाही. आमच्या भागात राईस मिल सगळीकडे. धानाचा कोंडा वाटतो मऊ, पण जाड पत्र्यालाही तो खाऊन टाकतो. तिथं तेल लावून भागत नाही, कारण तेलाला कोंडा चिकटतो आणि त्याचा लगदा पॉलिश पेपरसारखा घासत बसतो. म्हणून सरांचा थर. चिखल्याच्या खाणीतून मॅंगनीज वाहणारा एक ट्रकवालाही यायचा. पावसात ओली माती ट्रकच्या पत्र्याला चिकटून राहते, ती घसरून पडावी म्हणून.

पण हा थर फार मानी असतो. धातू आधी भट्टीत तापवून, मग त्यावर वाळूचा मारा करून लख्ख केला तरच तो धरतो. मध्ये कुणाचं तेलकट बोट लागलं, तर थर चढवून पुन्हा भट्टीतून भाजून निघाल्यावर नेमक्या त्या ठिकाणी देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. त्यामुळे तेल हा सरांचा शत्रू होता, आणि आम्ही सगळी माणसं म्हणजे हिंडतीफिरती तेलाची बुधली. आमच्या हातांत पांढरे सुती मोजे. सकाळी सर फाटकाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचा वास घेत. घरात हळद झाली असेल, तर दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळे. “जा, न्हाऊन-धुऊन परवा ये” एवढंच बोलत. काही चलाख मंडळींना एका वर्षात तीन-तीन चुलतबहिणी उजवाव्या लागल्या, पण सरांनी कुणाकडे पत्रिका मागितली नाही.

ते कुणाशी हस्तांदोलन करत नसत. बँकेचा मॅनेजर हात पुढे करून उभा, आणि हे दोन पावलं मागे जाऊन वाकून नमस्कार घालतायत, हे मी स्वतः पाहिलंय. मॅनेजरला वाटलं, केवढा विनयशील माणूस.

स्वतः मात्र ते जगातल्या प्रत्येक गोष्टीवरून बोट फिरवत. हॉटेलात गेले की टेबलाच्या काठावरून, एसटीत चढले की दांड्यावरून. नुसतं फिरवत नसत. डोळे बारीक करून बोटाला काय कळतंय ते ऐकत. कुठल्याही घासलेल्या वस्तूवर ते असा काही इतिहास वाचत की ऐकणाऱ्याला कापरं भरावं. कोणाच्या तरी मोटरसायकलची साखळी पाहून ते म्हणाले होते, “ह्या गाडीवर मागं रोज कोणीतरी वजनदार बसते.” गाडीवाल्याची बायको शेजारीच उभी होती.

माझी आवडती गोष्ट तुमसरकडच्या एका मिलमधली. सर पहिल्यांदाच तिथं गेले होते, मी सोबत. मिलमालक पानबिन खाऊन बोलायच्या तयारीत. सर सरळ यंत्रासमोर गेले, डोळे मिटले, हात छातीशी धरले आणि उभे राहिले. दोन मिनिटं झाली, चार झाली. मालकाला वाटलं, प्रार्थना चाललीय. त्यानं चप्पल काढली, डोक्यावर रुमाल घातला आणि हात जोडून शेजारी उभा राहिला. त्याला पाहून हमालांनीही हातातली पोती खाली ठेवली. शेवटी सरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “डाव्या बाजूचं बेअरिंग रडून राहिलं जी. किती दिवसापासून रडून राहिलं, तुम्हाले ऐकू नाई आलं?”

मालकाचा चेहरा असा झाला की जणू त्यानं स्वतःच्याच लेकराला उपाशी ठेवलंय. काम आम्हालाच मिळालं.

घरीही त्यांनी कुणाला सुखानं जगू दिलं नाही. नदीपलीकडे कारध्याला त्यांचं घर होतं. बायकोचा चकलीचा सोऱ्या जड जातो म्हणून त्यांनी तो आणून त्याला थर चढवला. पुढची दिवाळी वहिनींनी फार मजेत सांगितली होती: दांडा दाबायच्या आतच पीठ खाली येऊन बसायचं आणि चकल्यांऐवजी शेंगोळे व्हायचे. मग त्यांनी मागच्या दाराच्या कडीला थर चढवला, कारण ती कुरकुरायची. कडी इतकी गुळगुळीत झाली की वाऱ्यानं दार हललं तरी आपोआप निघायची. एकदा शेजाऱ्यांची बकरी आत शिरून अख्खा पालकाचा वाफा फस्त करून गेली. वहिनी म्हणाल्या, “अहो, काही गोष्टी अडकायलाच हव्यात.” सरांनी हे अगदी मनावर घेतलं, कडी घासून पुन्हा कोरी केली आणि दोन दिवस खिन्न होते.

पण रागावताना मी त्यांना पाहिलंच नाही. खंडेनवमीची गोष्ट सांगते. आमच्याकडे एक वयस्कर कामगार होते, सगळे त्यांना बुवा म्हणत. नवमीच्या आदल्या संध्याकाळी एका मिलचे मोठे गोल भाग वाळू मारून, लख्ख होऊन भट्टीच्या वाटेवर ठेवलेले. सकाळी बुवा सगळ्यांच्या आधी आले. यंत्रांची पूजा करायची, तर समोर ही चांदीसारखी चकाकणारी यंत्रं. त्यांनी मनोभावे प्रत्येक भागावर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढलं. आम्ही आलो आणि जागच्या जागी थिजलो. वाळू मारण्याची दोन दिवसांची मेहनत मातीत गेली होती. सर आले, त्यांनी पाहिलं, मोजे काढून ठेवले आणि त्या स्वस्तिकांना हात जोडले. मग बुवांना म्हणाले, “बुवा, पुढच्या बारीले देवाले भट्टीतून बाहेर निघाल्यावर बोलवाचं. आत्ता तो बिचारा उघडा आहे.” बुवा इतके लाजले की दिवसभर त्यांनी मान वर केली नाही. सरांनी तेव्हापासून पूजा दुपारची केली, आणि पहिलं फूल वाहायचा मान बुवांचा.

एवढं सगळं सांगितलं, ते मावशीकडे यायचं म्हणून. मावशी म्हणजे सरांची मोठी बहीण. भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीत एकटी राहायची आणि हातमागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणायची. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा सर अगदी लहान होते. या बहिणीनं मागावर बसून त्यांना वाढवलं, शिकवलं, पुण्याला कारखान्यात नोकरीला पाठवलं. सर पुण्याची नोकरी सोडून भंडाऱ्याला परत का आले, असं कुणी विचारलं की ते भांडवल, बाजार, राईस मिल असलं काहीबाही सांगत. खरं कारण त्या जुन्या वस्तीत बसलेलं होतं. दर रविवारी ते तिच्याकडे जेवायला जात. गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करून, तिथूनच मागाचा आवाज ऐकत चालत जात. लहानपणी आपण झोपायचो तेव्हा हा आवाज चालू असायचा, असं त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. त्यांच्या तोंडून निघालेलं लहानपणाबद्दलचं तेवढं एकच वाक्य.

मावशीचा उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरनं फोटो काढला आणि सांगितलं, सांध्यात झीज झालीय, माग बंद करा, नाहीतर हात वर जाणार नाही.

सर त्या दिवशी शेडमध्ये आले ते थेट भट्टीजवळ जाऊन बसले. आम्हाला वाटलं, कुणी गेलं की काय. मग मला म्हणाले, “पोरी, जल्मभर मी लोकायच्या लोखंडाची झीज थांबवत फिरलो. अन् ती इथं माह्या घरात येऊन बसली. तिच्या खांद्यात.”

माग सोडायला मावशी तयार नव्हती. “माग सोडू तं करू काय?” ती म्हणायची. “दिवसभर भिंतीकडे पाहू का?” हे काही तिनं रागानं म्हटलेलं नव्हतं. तिला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं.

मग सरांनी मागच हलका करायचा ठरवला. मिलवाले फोन करून थकले आणि आम्ही दोघं मावशीच्या मागाच्या, ती पाय सोडून बसते त्या खड्ड्याशी बसून राहिलो. या मागावर डोक्यावरून एक दोरी लोंबते. ती उजव्या हातानं झटक्यानं ओढली की बाजूच्या पेटीतला एक ठोकळा लोखंडी सळईवरून सरकतो, धोट्याला ठोका देतो आणि धोटा धागा घेऊन या टोकाहून त्या टोकाला पळतो. दोन टोकांना दोन पेट्या, दोन सळया. दिवसभर हा झटका. सगळा भार त्या खांद्यावर. सरांनी दोरीला वजनकाटा बांधून झटक्याचा जोर मोजला. मावशी हसून म्हणाली, “बाबू, मले मिलचं यंत्र समजून राहिला का?”

पहिल्यांदा त्यांनी उत्साहात सगळ्यालाच थर चढवला. सळया, पेटीचा तळ, पेटीच्या भिंती, सगळं. मावशीनं दोरी ओढली आणि धोटा पलीकडच्या पेटीत शिरला, तो थांबलाच नाही. टोकावर आपटून उलटा परत आला, धागा सैल पडून गुंता झाला.

“हे पाह्य,” मावशी म्हणाली, “तुह्या धोट्याले घरी राहाचं नाई.”

सरांना वहिनींची कडी आठवली असणार, कारण ते हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. मग पेट्या पुन्हा जशाच्या तशा लाकडी केल्या आणि फक्त सळयांवर थर ठेवला. त्या सळयांवर मावशी रोज सकाळी कुंकू लावून, बोटभर खोबरेल तेल पुसायची. ते बंद करायला सांगताना सर एवढे संकोचले, जणू तिच्या देव्हाऱ्यातला देव उचलून नेत होते. तिनं एका शब्दात कबूल केलं.

त्या दिवशी तिनं दोरी ओढली आणि ठोकळा असा सरकला की झटका द्यावाच लागला नाही. काट्यावर जोर निम्म्याच्याही खाली आला होता. मावशी थोडा वेळ विणत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, “हलकं झालं रे बाबू.” सरांनी पाठ फिरवली आणि दारात जाऊन उभे राहिले. इतका सुखी माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय.

त्यानंतर वर्षभर गिऱ्हाईक कुठलंही असो, सर त्याला मावशीच्या मागाची गोष्ट सांगत. मिलवाला धान वर चढवणाऱ्या लिफ्टच्या बादलीबद्दल विचारतोय आणि हे सांगतायत, “माही बहीण अजूनही विणून राहिली जी. डॉक्टर म्हणे बंद करा. मी दर रविवारी ऐकून येतो.” ऐकणारे माना डोलवत आणि बादल्यांचं राहूनच जाई.

वर्ष झाल्यावर सळयांवरचा थर नवा करायचा होता. रोजच्या विणकामानं तो कितीही चांगला असला तरी वर्षात झिजणारच. ठोकळा जिथून सरकतो तिथं आधी चकाकी येते, मग खालचं लोखंड डोकावतं. सरांनी हे सगळं गृहीत धरून नव्या सळया करून ठेवल्या होत्या. रविवारी मी सोबत गेले. गल्लीच्या तोंडाशी आवाज येत होता. सर माझ्याकडे पाहून हसले. “सुरू आहे,” म्हणाले.

आम्ही आत गेलो, मावशी मागावरून उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. उजव्या हातानं तांब्या दिला, पण तो इतका कापत होता की पाणी माझ्या ओढणीवर सांडलं. मागावर जांभळ्या काठाची साडी होती. मला ती ओळखीची वाटली. सळया पहिल्यांदा बसवल्या, तेव्हाही मागावर जांभळाच काठ होता. जांभळा काठ काय, कोणीही पुन्हा विणतो, असं मी मनात म्हटलं.

सरांनी उजवी सळई काढली, दाराच्या उजेडात नेली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा. मी शेजारी गेले. सळई काळीभोर, भट्टीतून काल काढल्यासारखी. चकाकीचा एक बारीकसा पट्टा होता, पण तो एवढा पुसट की आठवड्यातून कधीतरी, थोडाच वेळ ठोकळा त्यावरून सरकला असावा. सर कधी येतात ते मला माहीत होतं. मावशीलाही माहीत होतं.

डावी सळईही सरांनी काढून पाहिली. तीही तशीच. माझ्या आयुष्यात मी इतका उत्तम टिकलेला थर पाहिला नव्हता. ही बाई वर्षभर विणत नव्हती. फक्त रविवारी, भाऊ गल्लीत शिरायच्या वेळेला मागावर बसून तो दुखरा हात वर नेत होती, त्याच्या कानावर आवाज पडावा म्हणून.

“काहून रे बाबू?” मावशीनं विचारलं. “खराब झाला का?”

तिच्या आवाजात भीती होती. सरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते विचारणार.

“खराब?” ते म्हणाले. “ताई, वर्षभर माग चालला अन् झीजच नाई. असा थर माह्या हातून आजपर्यंत झाला नाई.”

मावशीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मंग बरं,” ती म्हणाली.

“हे दोन्ही मी घेऊन जातो. नागपूरच्या मोठ्या कंपनीवाल्यायले दाखवाचे आहेत.”

“अन् माग?”

“माग बंद राहील. सळया नाई तं चालते कसा?”

“दुसऱ्या आणल्या असशील ना रे?”

नव्या सळया माझ्या पिशवीत होत्या. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पिशवी खांद्यावरून काढली आणि पायाशी, मागे सरकवून ठेवली.

“नाई आणल्या,” सर म्हणाले. “कराले वेळ लागल. लई वेळ लागल, ताई. माह्या कामासाठी तुहा माग अडून राहिला असं समज.”

“साडी अर्धी आहे मागावर.”

“राहू दे ना. मी रविवारी येतोच जेवाले. माग असो का नसो.”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला कळलं, की यांना कळलंय, असं मला वाटलं. पण ते दोघं भाऊबहीण, त्यांच्यातलं मला किती कळणार. मग तिनं खांदे खाली सोडले. “तुह्यं काम अडत असंल तं ने बाबू,” ती म्हणाली. “मी बसून राहीन आरामात.”

ती चहा करायला आत गेली. सर सळया फडक्यात गुंडाळत होते आणि गाठ काही त्यांना बांधता येत नव्हती. मी बांधून दिली. मला रडू येत होतं आणि ते त्यांच्यासमोर येऊ नये म्हणून मी मागाकडे तोंड करून बसले.

मावशी चहा घेऊन आली. आमच्या घरांमधून डाव्या हातानं कुणाला काही देत नाहीत; पाहुण्याला तर नाहीच. मघाशी तांब्या धरताना तिचा उजवा हात एवढा कापत होता, तरी तिनं तोच पुढे केला होता. आता उजवा हात तिनं पदराखाली पोटाशी घेतला होता, आणि डाव्या हातानं तिनं भावापुढे कप धरला.

सर उठून उभे राहिले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.